नमद्याचं पान

नांदेड
२५ ऑगस्ट १९८२

प्रिय पंचशीला,

सप्रेम नमस्कार.

लातूर जिल्हा झाला, झेंडे लागले, भाषणं झाली आणि तू तिकडच्या शाळेत हजर झालीस, हे सगळं मला मोठ्या बाईंकडून कळलं. खरं तर ते तुझ्याकडून कळायला हवं होतं. साधं शिरूर अनंतपाळला गावी गेलीस तरी पोचल्याचं कार्ड टाकणारी तू. या वेळी कार्ड नाही की निरोप नाही. मी रोज पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसते आणि तो रोज माझ्या नणंदेची पत्रं आणून देतो.

तुझ्या जागी अजून कुणी आलेलं नाही. आठवीच्या पोरी माझ्याच शिवणवर्गात येऊन बसतात, मी त्यांना काजं करायला लावते. परवा एकीला विचारलं, "दोरा आणलास का?" ती म्हणाली, "हाव बाई." झालं! सगळा वर्ग तुझ्या आवाजात ओरडला, "हाव नाही, हो म्हणा. हाव म्हणजे लोभ!" तुझ्यामागे तुझी अशी नक्कल चालते बघ. मी रागावणार होते, पण मलाच हसू आलं आणि मग जरा रडूही आलं.

पाऊस नाही. पोळा कोरडा गेला. गोदावरीच्या घाटाच्या कधी न दिसलेल्या पायऱ्या उघड्या पडल्यात. घरात गणपती आहेत, महालक्ष्म्यांची तयारी चाललीय आणि पाणी मात्र मोजून मापून. तुमच्याकडे तर म्हणे याहून वाईट आहे.

आता मुद्द्याचं बोलते. तू रागावून गेलीस. जाण्याआधीच्या रविवारी आमच्या घरी तुझं निरोपाचं जेवण होतं, आणि सगळा घोटाळा झाला तो एका शब्दामुळे. आठवून बघ. आदल्या दिवशी शाळेत मी तुला म्हटलं होतं, "उद्या नक्की ये, तुझं पान वेगळं काढून ठेवलंय." ते पान म्हणजे या पाकिटात आहे ते. पदर खांद्यावर धरून ठेवायला लावतात तसली पिन, पानाच्या आकाराची, माझ्या हातची. तुला चकित करायचं म्हणून मी नीट सांगितलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांपुढे स्टीलची ताटं आणि तुझ्यापुढे पत्रावळ! तू तिच्याकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि विचारलंस, "हेच का ते पान?" आता तू मराठीची बाई. पान झाडाचं, पान पुस्तकाचं, पान जेवायला मांडतात ते, हे तूच फळ्यावर लिहायचीस. मी बोलले एका पानाबद्दल, तुला दिसलं दुसरं. यात माझा काय दोष?

पत्रावळ सासूबाईंची. श्रावण महिना, त्यांचं सोवळं, त्यांचा स्वभाव, तुला सगळं ठाऊक आहे. पानं मांडली तेव्हा मी आत पुरण वाटत होते. तू गप्प जेवलीस, आपली पत्रावळ आपण दुमडून टाकून आलीस आणि निघालीस. ही पिन फडताळातच राहिली.

याचं कापड कसं मिळवलं ते ऐक. पुस्तकात 'फेल्ट' लिहिलंय. सगळा बाजार पालथा घातला, कुणाला फेल्ट कळेना. शेवटी पेटी दुरुस्त करणारे गुरुपादप्पा आहेत ना, त्यांच्या दुकानात पेटीच्या पट्ट्यांखाली हिरवं जाड कापड दिसलं. मी म्हटलं, हेच ते. ते म्हणाले, "बाई, हे फेल्ट-बिल्ट न्हाई, हा नमदा हाय. लोकर दाबून दाबून करतेत." त्यांनी कातरणं दिली. या कापडाला उभा धागा नाही की आडवा, त्यामुळे कडा सुटत नाहीत. दोन पानं कापली, मध्ये कापसाचं पातळ अस्तर घातलं, पोपटी रेशमानं देठटाक्याच्या शिरा काढल्या आणि कडेनं काजाचा टाका घालून दोन्ही एक केली. मागं सेफ्टीपिन शिवलीय. तुमच्या घरी बुद्धाच्या तसबिरीत पिंपळ आहे, म्हणून पिंपळाचं पान.

लावून बघ आणि राग सोड. कळावे, लोभ असावा.

तुझी,
विमल


नांदेड
१७ सप्टेंबर १९८२

प्रिय पंचशीला,

सप्रेम नमस्कार.

आज मुक्तिदिनाचं झेंडावंदन करून घरी आले तर पाकीट आलेलं. माझंच पाकीट उलटं करून चिकटवलेलं, वर तुझ्या गोल अक्षरात माझा पत्ता. किती आनंद झाला म्हणून सांगू! उघडलं तर आत पान. चिठ्ठी नाही, चपाटी नाही.

मी दुपारभर ते पान उलटसुलट करून बघत बसले. तुझी नजर बारीक, तुला काहीतरी खटकलं असणार. टाके बघितले. डाव्या कडेला दोन टाके जरा जवळ पडलेत. तेवढ्यावरून कुणी परत करत नाही. मग एकदम लक्षात आलं आणि कपाळावर हात मारून घेतला. अगं, पिंपळाच्या पानाला लांब शेपटी असते! मी कापलं होतं ते विड्याचं पान. आमच्या घरातल्या हातांना विडे मांडायची इतकी सवय की कात्री आपोआप तशीच वळली. पिंपळ म्हणून तुला विड्याचं पान पाठवलं, म्हणजे कमालच झाली माझी.

तेव्हा शाळेमागच्या पिंपळाचं पान तोडून आणलं, कागदावर ठेवून खाका काढला आणि दुसरं केलं. शेपटीच्या टोकाशी टाका घालणं महाकठीण काम. नमदा तिथं इतका निमुळता होतो की सुई खुपसली की टोक दुमडतं. पहिल्यांदा बिघडलं, उसवलं. या कापडाची एक गंमत आहे. टाके उसवले की सुईची भोकं दिसतात, पण बोटानं जरा चोळलं की बुजून जातात, जसं काही शिवलंच नव्हतं. माझ्यासारखीला हे कापड फार सोयीचं.

सोबत दुसरं पान पाठवते आहे.

एक गोष्ट मागच्या पत्रात नीट लिहिली नव्हती. पुरण वाटत होते हे खरं, पण पत्रावळ मांडायची आहे हे मला आधीच माहीत होतं. सासूबाईंनी आदल्या दिवशी बाजारातून पत्रावळींचा गठ्ठा आणवला तेव्हा मी विचारलं, "इतकी माणसं कुठं येणारेत?" त्या म्हणाल्या, "एकच येणारे ना तुझी मैत्रीण." मी यांना जाऊन सांगितलं. हे पेपर वाचत होते. पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "एका दिवसाचा प्रश्न आहे, कशाला घरात वाद?" मलाही वाटलं, खरंच, एका दिवसाचा प्रश्न आहे. तू शहाणी आहेस, समजून घेशील, असंही वाटलं. शहाण्या माणसाकडूनच आपण नेहमी जास्तीचं मागतो, नाही का? खोडकर पोरीला कुणी समजून घे म्हणत नाही.

पण मी आत होते, मांडताना नव्हते, एवढं लक्षात घे. सुनेचं घरात किती चालतं ते तुला वेगळं सांगायला नको. रोज त्याच बाईच्या हाताखाली मला दिवस काढायचे आहेत.

उद्यापासून अधिक महिना. दसरा लांबलाय. पाऊसही बहुतेक तेच बघून लांबला असेल. तुमच्याकडे टँकर येतो म्हणे, तू घागरी कशा आणतेस? कंबर सांभाळ. तुझ्या आईला, म्हणजे माझ्या मावशींना, नमस्कार सांग.

कळावे, लोभ असावा.

विमल


नांदेड
८ ऑक्टोबर १९८२

प्रिय पंचशीला,

शेपटीचं पानही परत आलं. आता टाके बघितले नाहीत. म्हणजे खोटं कशाला बोलू, एकदा बघितले. चांगले होते.

काल मी तिसरं पान शिवायला घेतलं होतं. का घेतलं ते माझं मला माहीत नाही. हातांना चाळा लागलाय, झालं. सासूबाई समोर वाती वळत बसल्या होत्या. अधिक महिना म्हणून रोज तेहतीस वाती. थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "कुणासाठी शिवून राहिलीस गं, हे सारखं सारखं?"

मी म्हटलं, "पंचशीलासाठी."

"ती घेत नाही वाटतं?"

मग माझा तोल गेला. मी म्हटलं, "कशी घेईल? तुम्ही तिला पत्रावळीवर जेवायला बसवलंत."

त्या रागावतील असं मला वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मला पुढं बोलायला जोर आला असता. पण त्या शांतपणे वात वळत म्हणाल्या, "मी म्हणाले. म्हातारीनं म्हणायचं असतं, आमचं सगळं आयुष्य त्यात गेलं. पण मांडलं कुणी?"

मी दोऱ्याला गाठ मारायला लागले.

"तू नाही म्हणाली असतीस तर मी काय पानावरून उठून जाणार होते? फार तर चार दिवस तोंड फुगवून बसले असते. तुझं तुला बोलायचं नव्हतं, ते माझ्या नावावर खपवू नकोस." आणि निरांजनात तूप घालायला उठून गेल्या.

पंचशीला, पानं मांडली तेव्हा मी आत नव्हते. ती मी मांडली.

गठ्ठ्यातून वरची पत्रावळ काढली ती मी. ओल्या फडक्यानं पुसली, उलटपालट करून बघितली, एक काडी निघाली होती ती मोडून टाकली. तुझ्या जागेवर ठेवली. मग रीतीप्रमाणे वर मीठ, मिठाशेजारी लिंबाची फोड, डावीकडे चटणी आणि कोशिंबीर, उजवीकडे भाजी. कुठं काही चुकू दिलं नाही. मनाशी म्हणत होते, निदान वाढणं तरी चांगलं करू या. बघ मी कशी बाई आहे.

तुझ्या त्या एका खोलीत मी किती वेळा जेवले असेन! मावशी माझ्यासाठी भाकरी चुलीवरून थेट माझ्या ताटलीत टाकायच्या, फुगलेली, वाफ निघणारी. तू तेव्हा उगाचच थट्टेनं म्हणायचीस, "बाई, बाटाल हं!" आणि मी छाती काढून म्हणायचे, "मी असलं काही मानत नाही." मी मानत नाही हे खरंच आहे. पण न मानणं आणि 'मला हे चालणार नाही' असं तोंडानं म्हणणं यांत केवढं अंतर असतं, ते त्या दिवशी कळलं. आणि मी ते अंतर पार केलं नाही.

तिसरं पान झालंय. पण या पत्रात घालत नाही. तू म्हणशील तेव्हा पाठवीन. मला तू परत हवी आहेस, एवढंच मागणं आहे. काहीतरी लिही. शिव्या दिल्यास तरी चालतील.

लोभ असावा.

विमल


लातूर
१९ ऑक्टोबर १९८२

विमल,

जयभीम.

तिन्ही पत्रं मिळाली. टाके पहिल्या पानाचेही बरोबर होते.

पत्रावळ मला लागली नाही. लग्नात, पंगतीत सगळं जग पत्रावळीवर जेवतं, मीही जेवते. सगळ्यांना पत्रावळ असती तर मी विचारलंही नसतं. "हेच का ते पान?" असं मी विचारलं ते तुला वाट करून द्यायला. तू 'नाही' म्हणाली असतीस, फडताळातलं ते पान आणून माझ्या हातात ठेवलं असतंस, तर मी त्याच पत्रावळीवर पोटभर जेवले असते. तू सासूबाईंकडे बघितलंस, हसलीस आणि म्हणालीस, "हाव, हेच." तुझ्या तिन्ही पत्रांत हा शब्द कुठंही नाही.

त्या दिवशी घरी आले तर आई दारातच उभी होती. ब्राह्मणाच्या घरी लेक निरोपाचं जेवायला गेली, म्हणून सकाळपासून तिला कोण आनंद. तिनं विचारलं, ताट कसं होतं? मी सांगितलं, सगळ्यांसारखं होतं, सगळ्यांच्या ओळीत बसले. इथं आल्यावर तिनं ते नव्या गल्लीत घरोघर सांगितलंय. आईशी मी कधी खोटं बोलले नव्हते. ते खोटं तुझं आहे आणि सांभाळून मी राहिले आहे.

मला आणखी लिहू नकोस. येऊन आईला सांग. तुझ्या तोंडानं, तिच्यासमोर. मग पुढचं बघू.

पंचशीला


नांदेड
२८ ऑक्टोबर १९८२

प्रिय पंचशीला,

येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं येते आहे. मावशींना सांगते. तिसरं पान घेऊन येईन, पण आधी सांगेन आणि मगच ते देईन.

विमल


नांदेड
३ नोव्हेंबर १९८२

पंचशीला,

हे पत्र लिहिलं नाही तर तुझं-माझं सगळं छान चाललेलं राहील. रविवारी स्टँडवर गाडी हलली तरी तू खिडकीची सळई धरून चालत होतीस. "दिवाळीच्या सुट्टीत ये, इकडून जवळच्या मुरुडला जाऊ," म्हणालीस. मी नांदेडला उतरेपर्यंत मनातल्या मनात तुझ्याशीच बोलत होते. तीन महिन्यांनी पहिल्यांदा मला रात्री शांत झोप लागली. दोन दिवस मी तशीच गप्प राहून बघितलं. नाही जमत.

तू टँकरवर गेलीस तेव्हा घरात काय झालं ते तुला माहीत नाही. ते सांगते.

गाडीत मी वाक्य पाठ करत आले होते. लोह्याला एकदा म्हणून बघितलं, अहमदपूरला चहा घेताना पुन्हा. "मावशी, तुमच्या लेकीला मी वेगळं पान मांडलं, आणि तिनं विचारलं तेव्हा हसले." एवढंच वाक्य, पाचवीतल्या पोरीलाही म्हणता येईल. तुझ्या दारात आले तेव्हा जिभेवरच होतं. तू मला बसवलंस आणि तेवढ्यात गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला. सगळी गल्ली भांडी घेऊन पळाली. तूही दोन घागरी उचलल्यास, माझ्याकडे एकदा रोखून बघितलंस आणि म्हणालीस, "तुम्ही बोला, मी आलेच." मला कळलं. तू मुद्दाम मला एकटीला सोडून गेलीस, मला अवघड जाऊ नये म्हणून.

मावशी भाकरी थापत होत्या. मी तोंड उघडणार, तर त्याच म्हणाल्या, "बाई, माज्या लेकीला तुमी बराबरीनं ताट मांडलं म्हनं. वळीत बसवलं. लई बरं वाटलं बगा मला. खरं हाय का?"

आणि मी म्हणाले, "हाव, मावशी."

कुणी जबरदस्ती केली नव्हती. सासूबाई तिथं नव्हत्या, हे पेपर वाचत नव्हते, श्रावण नव्हता. समोर एक म्हातारी बाई पिठाच्या हातानं माझ्याकडे बघत होती, आणि तिनं मला चांगलं म्हणावं म्हणून माझ्या तोंडून ते निघून गेलं. वाक्य पाठच राहिलं.

मावशींनी तव्यावरची भाकरी उलटली. मग माझ्या हातातल्या पुडीकडे बघून म्हणाल्या, "काय आनलं?" मी पान दाखवलं. त्यांनी हात पुसून ते घेतलं, बोटात चोळून बघितलं. "बुरनुसाच्या पांघरुनागत लागतंय की. हातानं शिवलं?" मी म्हटलं, "हो." म्हणाल्या, "बेस हाय. पंची येस्तवर माज्याकडं ऱ्हाऊ द्या," आणि आपल्या लुगड्याच्या पदराला लावलं.

मग पुन्हा परातीत हात घालून, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "त्या दिशी तुमच्याकडनं आली आन् पाटीतल्या शिळ्या भाकरी काढून खाल्ल्या तिनं. पंगत जेवून आल्यालं मानूस शिळी भाकर खातंय व्हय, बाई? म्या इचारलं न्हाई. ती म्हनली ताट व्हतं, म्या म्हनलं व्हतं. गल्लीत बी तसंच सांगितलं. लेकीचं खोटं आईनं खरं न्हाई करायचं तर कुनी करायचं?"

त्यांना पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं, पंचशीला. तू त्यांच्यासाठी लपवत होतीस आणि त्या तुझ्यासाठी. तुम्हा दोघींच्या मध्ये उभी राहून खोटं बोलणारी मी एकटीच. त्यांनी मला विचारलं ते तुझ्यासारखंच, वाट करून द्यायला. मायलेकींनी एकेकदा दार उघडून धरलं आणि मी दोन्ही वेळा आत आले नाही.

तेव्हा तरी मला बोलता आलं असतं. तेवढ्यात तू बाहेरून हाक मारलीस, "विमल, घागर धर गं!" मी धावत आले. तुझ्या कडेवरून घागर घेतली. तू घामाघूम झाली होतीस. आत येऊन बघतेस तर मावशींच्या पदराला पान. तुझा चेहरा असा उजळला की मी तो जन्मात विसरणार नाही. तू मला हळूच विचारलंस, "झालं बोलणं?"

मी म्हणाले, "हाव."

आणि तू खळखळून हसलीस. "हाव नाही, हो म्हण. हाव म्हणजे लोभ." तीन महिन्यांनी तू मला शिकवलंस, सवयीनं, मायेनं. टँकरवरून आणलेल्या पाण्यातला पहिला तांब्या माझ्या हातावर घातलास. घरभर कोरड पडलेली आणि तू सांडेल इतकं पाणी माझ्या हातांवर ओतत होतीस. मग तीन सारखी ताटं घेतलीस आणि म्हणालीस, "बस, हे तुझं पान." मी बसले. जेवले. दुसरी भाकरी मागून घेतली.

तूच सांगितलेला अर्थ आहे, म्हणून तुझ्याजवळ कबूल करते. आपल्याकडे होकाराला 'हाव' म्हणतात, पण माझ्या तोंडून निघालेला प्रत्येक 'हाव' हा होकार नव्हता. सासूबाईंनी चांगलं म्हणावं, तू चांगलं म्हणावं, मावशींनीही चांगलं म्हणावं, याची ती हाव होती. सगळ्यांकडून चांगली म्हणवून घ्यायच्या नादात ज्या एका जागी मी चांगलं वागायचं होतं, ती जागा दर वेळी सोडून दिली.

आता उरलेलं ऐक. पुढच्या रविवारी मी पुन्हा येणार आहे. टँकर आला तर तू जाऊ नकोस. एक दिवस घागरी रिकाम्या राहिल्या तर मी शेजारून मागून आणीन. तू मावशींच्या शेजारी बस. मला तुझ्यादेखत सांगायचं आहे, आणि मी पुन्हा अडखळले तर मला सांभाळून घेऊ नकोस. माझ्याकडे बघत राहा, बस. दार उघडायचं नसेल तर तेही चालेल. मग मी ओट्यावरून सांगेन. गल्लीनं ऐकलं तरी हरकत नाही, मावशींनी गल्लीला जे सांगितलं होतं ते मला खोडावंच लागणार आहे.

सासूबाईंना हे पत्र लिहिण्याआधीच सांगून आले आहे, की पंचशीला पुन्हा आपल्या घरी येईल तेव्हा ओळीतलं ताट मी तिला देईन, नाहीतर त्या दिवशी घरात सगळ्यांनाच पत्रावळी. त्या म्हणाल्या, "ती येईल का?"

तू ज्या विमलला माफ केलंस ती तुझ्या घरी आलीच नव्हती. म्हणून ती माफी परत घे. ते पान मावशींच्या पदरावरून काढ आणि हवं तर पाठवून दे. या वेळी मी टाके बघणार नाही.

कळावे. शेवटी 'लोभ असावा' असं लिहायची रीत आहे. या वेळी लिहीत नाही. लोभ माझ्याकडेच फार झाला.

विमल